शेवटच्या शिट्टीनंतर

रविवार पहाट, ३ वाजून ४२ मिनिटं. कोल्हापुरातल्या एका घरात अकरा वर्षांच्या मुलाला झोपेत झटका येतो. रक्तातली साखर ३१. आदल्या संध्याकाळी तो फुटबॉलचा सामना खेळला होता. सामना संपून साडेनऊ तास झाले होते.

इथला मुलगा आणि त्याचं घर म्हणजे कोणी एक खरं कुटुंब नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या, इन्सुलिन पंपावर असलेल्या मुलांच्या घरांत अशा दिवशी जे घडतं, ते एका घड्याळावर ओळीने मांडलं आहे. आकडे त्या वयाच्या, ३४ किलो वजनाच्या मुलाला साजेसे घेतले आहेत. शरीराचे नियम आणि उल्लेख केलेले अभ्यास खरे आहेत.

गुरुवार, रात्री ११.१०. उरलेला वेळ ५२ तास ३२ मिनिटं.

दंडावरच्या सेन्सरची मुदत संपते. हा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पंपाला पाठवतो. साखर फार खाली जाणार असं दिसलं की पंप इन्सुलिन आपोआप थांबवतो. सेन्सर नसेल तर पंप आंधळा असतो. ठरवून दिलेलं इन्सुलिन तो देत राहतो.

एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात आणि ते खिशातूनच जातात. पुढचा सेन्सर १ तारखेनंतर लावायचं ठरतं. तोवर बोट टोचून चाचणी. दोन वर्षांपूर्वी निदान झालं तेव्हा सगळं बोट टोचूनच चालायचं, त्यामुळे यात कोणाला धोका वाटत नाही.

शुक्रवार, संध्याकाळी ५.२०. उरलेला वेळ ३४ तास २२ मिनिटं.

सरावात पाय थरथरतात. मैदानाच्या कडेला बसून तो बोट टोचतो. ५८. पिशवीतली ग्लुकोजची पावडर पाण्यात घालून पितो. पंधरा मिनिटांनी ९४. पुन्हा खेळायला जातो.

सरांना सांगत नाही, उद्याच्या संघातून नाव जाईल म्हणून. घरी आईला सांगतो, "थोडी लो झाली होती, घेतलं ग्लुकोज." आई विचारते, "आता किती आहे?" आता १४० असते. विषय संपतो.

त्याने जे केलं ते बरोबर होतं. पण साखर एकदा खाली गेली की पुढचा दिवसभर शरीराची धोक्याची घंटा मंद वाजते. ॲड्रेनलिन कमी सुटतं. घाम, थरथर, धडधड उशिरा येतात किंवा येतच नाहीत. म्हणून खेळायच्या आधी चोवीस तासांत साखर लो झाली होती का, हे विचारलं पाहिजे, असं डॉक्टर सांगतात. सामना २३ तास १० मिनिटांवर आहे.

शनिवार, सकाळी ७.३०. उरलेला वेळ २० तास १२ मिनिटं.

उपाशीपोटी १३४. वहीत नोंद होते. कालचा ५८ वहीत नाही. तो ग्लुकोमीटरच्या आत आहे.

दुपारी १२.४०. उरलेला वेळ १५ तास २ मिनिटं.

दोन चपात्या, भाजी, आमटी, वाटीभर भात. आईचा अंदाज ६० ग्रॅम कार्ब्स. त्याच्यासाठी १५ ग्रॅमला १ युनिट हे प्रमाण. पंप ४ युनिटचा बोलस, म्हणजे एकदम द्यायचा डोस, देतो.

हे इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि चारेक तासांत ते ओसरतं. सामना साडेचारला. जेवण आणि खेळ यांत पुरेसं अंतर आहे. हा निर्णय चांगला आहे.

दुपारी ३.१५. उरलेला वेळ १२ तास २७ मिनिटं.

पंप दिवसभर थेंबाथेंबाने जे इन्सुलिन देतो त्याला बेसल म्हणतात. खेळाच्या ६० ते ९० मिनिटं आधी ते ५० ते ८० टक्क्यांनी कमी करावं, असं २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलं. कारण साधं आहे. त्वचेखाली गेलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. निरोगी माणूस पळायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन लगेच आवरतं घेतं. पंपावरच्या मुलाला हा निर्णय तासभर आधी, हाताने घ्यावा लागतो.

या वेळी पप्पा स्कूटरवर पेट्रोल भरताहेत आणि मुलगा शिनगार्ड शोधतोय. बेसल बदललं जात नाही.

संध्याकाळी ४.२५. उरलेला वेळ ११ तास १७ मिनिटं.

मैदानावर बोट टोचलं जातं. १६८. सुरुवातीला १२६ ते १८० असावी, असा सल्ला आहे. आकडा उत्तम.

धक्काबुक्कीच्या खेळात पंप अंगावर नको, म्हणून आई नळी काढते आणि पंप डब्यात ठेवते. खेळताना बेसल बंद ठेवण्याचा फायदा सिद्ध झालेला आहे. अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या ४९ मुलांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेसल चालू ठेवल्यावर ४३ टक्के मुलांची साखर व्यायामात लो झाली. बंद केल्यावर १६ टक्के. त्याच अभ्यासात बेसल बंद ठेवल्यावर व्यायामानंतर साखर चढण्याचं प्रमाणही वाढलं होतं. ही दुसरी बाजू आज दोन तासांनी समोर येणार आहे.

संध्याकाळी ५.०२. उरलेला वेळ १० तास ४० मिनिटं.

मध्यंतर. गोलफलक ०-०. बोट टोचतात. ११२. अर्ध्या तासात ५६ ने उतरली.

पळणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतात. त्यात तीन-सव्वातीन वाजता गेलेलं बेसल अजून काम करतंय. आई २० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देते. त्याच्या वजनाला ते योग्य आहे. तो पुन्हा मैदानात उतरतो.

संध्याकाळी ६.१२. उरलेला वेळ ९ तास ३० मिनिटं.

१-१ अशी बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमींचे संघ आहेत आणि शाळकरी सामन्यालाही मोठी माणसं कुंपणाला धरून उभी असतात. तिसरी पेनल्टी हा मुलगा मारतो. चेंडू आत जातो. शेवटची शिट्टी वाजते. संघ जिंकतो.

तो जवळजवळ दीड तास पळाला आहे आणि शेवटची दहा मिनिटं श्वास रोखून उभा होता. त्याच्या स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा बराचसा संपला आहे. तो भरायला शरीराला रात्र लागेल, आणि भरण्यासाठीची साखर रक्तातून घेतली जाईल.

संध्याकाळी ६.२०. उरलेला वेळ ९ तास २२ मिनिटं.

२६२.

आई आकडा दोनदा बघते. बोट पुसून पुन्हा टोचते. २५८. कारणं तीन आहेत. मध्यंतराचं ग्लुकोज. जवळजवळ दोन तास बंद असलेला पंप. आणि पेनल्टीच्या वेळी सुटलेलं ॲड्रेनलिन, ज्याने यकृतातली साखर रक्तात ढकलली. तिसरं कारण तासाभरात आपोआप ओसरतं.

या घराला चढलेल्या साखरेची भीती आहे. निदान झालं तेव्हा मुलगा किटोॲसिडोसिसने तीन दिवस अतिदक्षता विभागात होता. पंपात फक्त वेगवान इन्सुलिन असतं. तो काही तास बंद राहिला की किटोन तयार होऊ लागतात, हे आईला पाठ आहे. ती घाई करते त्यामागे हे आहे.

पंप जोडला जातो. आकडा भरला जातो. पंप हिशेब करतो: लक्ष्य १२०, १ युनिटने ७० उतरते, शिल्लक इन्सुलिन शून्य. सूचना: २ युनिट. गणित अचूक आहे. पंपाला सामना माहीत नाही. जोरकस खेळानंतर साखर चढलेली दिसली तर नेहमीच्या निम्माच डोस द्यावा, किंवा थोडं थांबून पुन्हा तपासावं, असा सल्ला असतो. हा सल्ला पंपाच्या पडद्यावर येत नाही.

आई बटण दाबते. २ युनिट.

संध्याकाळी ७.००. उरलेला वेळ ८ तास ४२ मिनिटं.

सर पूर्ण संघाला खासबागेत भेळ खायला नेतात. मुलं चषकाभोवती उभी राहून खातात. पप्पा भेळीचा अंदाज करतात: ४५ ग्रॅम. ३ युनिट.

अंदाज बरोबर आहे. प्रमाणही नेहमीचंच आहे. पण आज हे शरीर नेहमीचं नाही. दीड तासाच्या खेळानंतर स्नायूंना इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि हा परिणाम पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त टिकतो. खेळानंतरच्या खाण्याचा बोलस निम्म्यापर्यंत कमी करण्याची शिफारस म्हणूनच आहे. नेहमीच्या दिवशीचे ३ युनिट आज तीनपेक्षा जास्त आहेत.

संध्याकाळी ७.४०. उरलेला वेळ ८ तास २ मिनिटं.

बंबातल्या कढत पाण्याने आंघोळ. डिसेंबरची थंडी आहे, अंगाला माती आहे. आंघोळीपुरता पंप काढला आणि पुन्हा लावला. गरम पाण्याने त्वचेखालचा रक्तप्रवाह वाढतो आणि तिथे साठलेलं इन्सुलिन लवकर रक्तात जातं. ५ युनिट आधीच आत आहेत.

रात्री ८.४५. उरलेला वेळ ६ तास ५७ मिनिटं.

१७६. साखर उतरते आहे. घरात सगळ्यांना बरं वाटतं.

ताटात एक चपाती, पांढरा रस्सा, भात. ४५ ग्रॅम. आधीचं इन्सुलिन शिल्लक असल्याचं पंपाला ठाऊक आहे, म्हणून तो दुरुस्तीचा डोस सुचवत नाही. जेवणाचे ३ युनिट मात्र सुचवतो. बोलस जेवणाआधी द्यायचा असतो, तसा दिला जातो.

मुलगा चपाती खातो. भाताचे दोन घास घेतो. भेळीने पोट भरलंय, डोळे मिटताहेत. "आई, बास. दमलोय मी." आई भाताऐवजी अर्धा कप दूध देते. पोटात साधारण २८ ग्रॅम गेले. १७ ग्रॅमचं इन्सुलिन अन्नाशिवाय आत गेलं. १ युनिटहून थोडं जास्तच. या मुलाची साखर १ युनिटने ७० ने उतरते, तीही साध्या दिवशी.

ज्या दिवशी मूल दमलेलं असतं त्या दिवशी बोलस जेवण झाल्यावर, खाल्लं तेवढ्यापुरता देता येतो. लहान मुलांच्या घरात ही पद्धत असते. अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात ती मागे पडलेली असते.

संध्याकाळी ६.२० पासून दिलेले बोलस: २, ३, ३. अडीच तासांच्या आत ८ युनिट.

रात्री १०.१५. उरलेला वेळ ५ तास २७ मिनिटं.

झोपायच्या आधीची चाचणी. १३८.

या घराला दिलेला नियम आहे: झोपताना १०० च्या वर असेल तर निर्धास्त झोपा. साध्या रात्री हा नियम चालतो. पंपाच्या दुसऱ्या पडद्यावर आणखी एक आकडा आहे: शिल्लक इन्सुलिन २.४ युनिट. तो पडदा उघडला जात नाही. उघडला असता तर १३८ आणि २.४ एकत्र दिसले असते.

या क्षणी तीन गोष्टी करता आल्या असत्या. एक, बोलस न देता थोडं खाऊ घालणं. वजनाच्या दर किलोला ०.४ ग्रॅम, म्हणजे या मुलाला साधारण १४ ग्रॅम कार्ब्स. दोन, रात्रीचं बेसल सहा तासांसाठी २० टक्क्यांनी कमी करणं. पंपात त्यासाठी चार-पाच बटणं दाबावी लागतात. तीन, रात्री पुन्हा बोट टोचायचं पक्कं ठरवणं. पहिल्या दोन्ही या घराला कोणी शिकवलेल्या नाहीत. पंप बसवताना खेळाविषयी जे सांगितलं गेलं ते खेळ चालू असतानाचं होतं: पंप काढा, ग्लुकोज जवळ ठेवा, मध्येच तपासा. ते सगळं आज नीट झालं.

मुलगा पांघरुणात शिरतो.

रात्री ११.३०. उरलेला वेळ ४ तास १२ मिनिटं.

पप्पा मोबाइलवर २ चा गजर लावतात. सेन्सर नसतो त्या रात्री ते असं करतात.

मध्यरात्र. उरलेला वेळ ३ तास ४२ मिनिटं.

इथून पुढे पावणेचार तास साखरेचा एकही आकडा नाही. पंपाच्या नोंदवहीत फक्त दिलेलं इन्सुलिन आहे: तासाला ०.४५ युनिट, दर काही मिनिटांनी, न चुकता.

शरीरात काय चाललं होतं ते अभ्यासांवरून सांगता येतं. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे टाइप १ असलेल्या किशोरवयीन मुलांना दुपारी व्यायाम करायला लावून रात्रभर त्यांची साखरेची गरज मोजली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार गरज दोनदा वाढते: व्यायामाच्या वेळी आणि लगेच नंतर एकदा, आणि सात ते अकरा तासांनी पुन्हा. शेवटची शिट्टी ६.१२ ला. सात तास म्हणजे १.१२. अकरा तास म्हणजे ५.१२.

त्याआधी, २००५ साली, अमेरिकेत ५० मुलांवर झालेल्या अभ्यासात दुपारी चारला व्यायाम केल्यावर रात्री निम्म्याच्या आसपास मुलांची साखर ६० किंवा त्याखाली गेली होती. न खेळलेल्या दिवसाच्या रात्री हे प्रमाण बरंच कमी होतं.

म्हणजे बहुतेकांच्या नजरेत खेळ सहाला संपतो. स्नायूंचा खेळ पहाटे पाचपर्यंत चालू असतो.

रात्री २.००. उरलेला वेळ १ तास ४२ मिनिटं.

गजर वाजतो. पप्पा उठतात, अंधारातच मुलाच्या खोलीत जातात. मुलगा कुशीवर झोपलाय. श्वास शांत. कपाळाला हात लावतात. कपाळ ओलं आहे, गार आहे.

ते वरची गोधडी काढतात आणि नुसती चादर ठेवतात. उकडत असेल, असं त्यांना वाटतं. बाहेर डिसेंबरची रात्र आहे. खिडकी उघडी आहे.

ग्लुकोमीटर बाहेरच्या खोलीत टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. तो आणायचा तर दिवा लावावा लागेल, मुलगा उठेल. दमून झोपलाय. झोपताना १३८ होती. मागच्या महिन्यात मुलगा सेन्सर लावलेल्या दंडावर झोपल्यामुळे सेन्सरने तीनदा साखर लो झाल्याचा खोटा गजर दिला होता. तिन्ही वेळा मुलाला उठवलं आणि तिन्ही वेळा बोटावरचा आकडा चांगला निघाला. चौथ्यांदा उठवायचं मनात येत नाही.

चाचणीला पंधरा-वीस सेकंद लागतात. पप्पा दार ओढून घेतात.

रात्री २.०० ते ३.००.

साखर ७० च्या खाली जाऊ लागली की जागेपणी शरीर ॲड्रेनलिन सोडतं. घाम येतो, धडधडतं, भूक लागते, माणूस उठतो. झोपेत हा प्रतिसाद मंदावतो. १९९८ साली टाइप १ असलेल्या किशोरवयीन मुलांवरच्या अभ्यासात हे मोजलं गेलं: साखर तेवढीच खाली, पण झोपेत ॲड्रेनलिन फार कमी. या मुलात आणखी दोन गोष्टी होत्या. शुक्रवारच्या ५८ ने घंटा आधीच मंद केली होती. शनिवारच्या खेळाने ती आणखी मंद केली.

यकृत एरवी साठ्यातली साखर सोडून तूट भरून काढतं. आज तो साठा मैदानावर खर्च झाला आहे, आणि रात्रीच्या भातातून जो भरायचा होता तो भात ताटात राहिला.

पंप देत राहतो. ०.४५.

रात्री ३.०५. उरलेला वेळ ३७ मिनिटं.

मुलगा झोपेत बोलतो. शब्द नीट कळत नाहीत. "इकडं दे... इकडं..." आईला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. स्वप्नात सामना खेळतोय, असं तिला वाटतं. ती कूस बदलते.

झोपेत बडबडणं, अंग ओलं असणं, चाळवाचाळव, सकाळी डोकं दुखणं: रात्री साखर लो झाल्याची ही लक्षणं पंपाबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत आहेत.

पहाटे ३.४२.

पलंग भिंतीवर आपटल्याचा आवाज. आई आधी पोचते. मुलाचं अंग ताठ, मग हात-पाय एका तालात झटकताहेत. जबडा आवळलेला, डोळे वर.

पहाटे ३.४४.

झटका थांबतो. तो शुद्धीवर नाही. पप्पा टीव्हीखालून ग्लुकोमीटर आणतात. ३१.

आजी साखरेचं पाणी घेऊन येते. आई वाटी बाजूला करते. गिळता येत नसलेल्या मुलाच्या तोंडात काही घालायचं नाही; ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ती त्याला डाव्या कुशीवर करते, मान मागे ठेवते.

पहाटे ३.४६.

पप्पा पंप थांबवतात. मध्यरात्रीपासून त्याने सुमारे १.७ युनिट बेसल दिलेलं असतं.

अशा वेळी घरी द्यायचं औषध ग्लुकागॉन आहे. २५ किलोच्या वरच्या मुलाला १ मिलिग्रॅम, स्नायूत. घरात ते नाही. औषधाच्या दुकानांत ते सहज मिळत नाही आणि निदानाच्या वेळी दिलेल्या चिठ्ठीवरही ते नव्हतं. असतं तरी आज त्याचा परिणाम कदाचित कमी झाला असता, कारण ग्लुकागॉन यकृतातल्या साठ्यातूनच साखर काढतं. तरीही ते पहिलं औषध आहे आणि ते घरात हवं होतं.

पहाटे ३.४८.

१०८ ला फोन लागतो. त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे काका गाडी काढतात. गाडीनेच निघायचं ठरतं. मुलगा मागच्या सीटवर आईच्या मांडीवर, कुशीवर.

पहाटे ४.०१.

रुग्णालय. पप्पा दारातच सांगतात: टाइप १, पंप, साखर ३१, झटका दोन मिनिटं, पंप बंद केलाय. या पाच गोष्टींमुळे पुढची मिनिटं वाचतात.

पहाटे ४.०४.

हाताच्या शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोला २ मिलिलिटर. ६८ मिलिलिटर.

पहाटे ४.०९.

१२४. मुलगा डोळे उघडतो. आईला ओळखतो. वार विचारला तर शुक्रवार सांगतो. उलटी होते. पाऊण तासाने तो रविवार म्हणतो. सामना त्याला आठवतो. रात्रीचं जेवण आठवत नाही.

रविवार, सकाळी ११.००.

डॉक्टर पंपाची नोंद आणि ग्लुकोमीटरची साठवण शेजारी शेजारी ठेवतात. शुक्रवारचा ५८ तिथे पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेला पडतो.

मग एकेक ओळ. शुक्रवारी लो. सेन्सर नाही. बेसल आधी कमी केलं नाही. २६२ ला पूर्ण दुरुस्ती. भेळीला पूर्ण बोलस. जेवणाला पूर्ण बोलस, जेवण अर्धं. झोपताना खाणं नाही, बेसल तेवढंच. २ वाजता चाचणी नाही. यातली कोणतीही एक गोष्ट वेगळी झाली असती तर साखर ३१ पर्यंत गेली नसती, असं ठामपणे म्हणता येत नाही. दोन किंवा तीन वेगळ्या झाल्या असत्या तर फरक पडला असता, एवढं नक्की.

यात बेफिकिरी कुठेच नाही. या आई-वडिलांनी त्या दिवशी पुन्हा पुन्हा बोट टोचलं, कार्ब्स मोजले, गजर लावला. त्यांचा प्रत्येक निर्णय साध्या शनिवारी बरोबर ठरला असता. त्यांना साध्या शनिवारचेच नियम दिलेले होते. लाखो रुपयांचं यंत्र मुलाच्या कमरेला लागतं आणि खेळाच्या रात्रीविषयी पानभर सूचना मिळत नाहीत, ही चूक त्या घराची नाही. ती भरून काढणं सोपं आहे, स्वस्त आहे, आणि त्याला नवं संशोधन लागत नाही. मुलाला पंप देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने तो कागद पहिल्याच दिवशी दिला पाहिजे. संघ निवडणाऱ्या सरांनी मुलाला आधीच सांगून ठेवलं पाहिजे की लो झाली हे सांगितल्याने कोणाचं नाव कापलं जाणार नाही.

या मुलाला तो कागद आता मिळाला आहे. खेळाच्या दीड तास आधी बेसल निम्मं. आदल्या दिवशी लो झाली असेल तर खेळताना जास्त वेळा चाचणी. खेळानंतर साखर चढलेली दिसली तर किटोन तपासायचे. नसतील तर पाणी प्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं आणि तरीही चढलेली असेल तर निम्मीच दुरुस्ती. खेळानंतरच्या दोन्ही खाण्यांना निम्मा बोलस, तोही खाऊन झाल्यावर. झोपताना शिल्लक इन्सुलिनचा पडदा उघडायचा. बोलसशिवाय १४ ग्रॅम. रात्री दहापासून सहा तास बेसल ८० टक्के. सेन्सर एकच परवडणार असेल तर तो सामन्याच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा. ग्लुकागॉन मागवून घरात ठेवायचं आणि ते कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायचं. हे आकडे या एका मुलाचे आहेत. दुसऱ्या मुलाचे त्याच्या डॉक्टरांनी बसवून द्यायचे असतात.

त्या कागदावर खेळ बंद करा असं कुठेही लिहिलेलं नाही. पळणारं मूल टाइप १ मध्येही जास्त निरोगी राहतं. ज्या घरात असं मूल आहे, त्यांनी सामन्याची वेळ जिथे लिहून ठेवतात, तिथेच त्याखाली रात्री दोनची चाचणीही लिहून ठेवावी. दिवा लावावा, मूल जागं झालं तरी चालेल, आणि बोट टोचून आकडा बघूनच पुन्हा झोपावं.